नऊशे अठ्ठ्याहत्तर

आमच्या घरात 'संशोधन' हा शब्द आजवर एकाच अर्थाने वापरला गेला. माझा चष्मा हरवला, की स्वयंपाकघरातून सौ. विचारते, "झालं का संशोधन सुरू?" आणि तो माझ्याच कपाळावर सापडला, की निष्कर्षही तीच जाहीर करते. त्यामुळे गेल्या थंडीत आमची नात चिंगी म्हणाली, "आजोबा, माझं संशोधन बघायला या हं," तेव्हा माझा हात आपोआप कपाळाकडे गेला.

चिंगी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय अर्थशास्त्र. तिच्या कॉलेजात 'आविष्कार' होता. हे नाव मी आधी एखाद्या नाटक कंपनीचं समजलो होतो. चौकशीअंती कळलं, की महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत २००६ सालापासून हा विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा मेळावा भरतो. राज्यपाल हे आपल्या विद्यापीठांचे कुलपती. त्यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. आधी कॉलेजात, मग विद्यापीठात आणि सरतेशेवटी राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांचा मिळून, अशी त्याची चढती पायरी. गट सहा. मानव्यविद्या, भाषा आणि कला एका पंगतीत. वाणिज्य, व्यवस्थापन आणि कायदा दुसऱ्या. पुढे शुद्ध विज्ञान, शेती आणि पशुपालन, अभियांत्रिकी, आणि वैद्यक व औषधनिर्माण. थोडक्यात, माणसाला ज्या ज्या गोष्टीची अडचण होऊ शकते, ती प्रत्येक गोष्ट यातल्या कुठल्या ना कुठल्या गटात बसते.

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. वर्षातून एकदा गॅदरिंग व्हायचं. त्यात फिशपाँड पडायचे आणि एक नाटकही पडायचं. संशोधन ही गोष्ट युरोपात दाढी राखून बसलेल्या माणसांनी करायची आणि आपण त्यांच्या नावाचे नियम पाठ करायचे, अशी कामाची रीतसर वाटणी झालेली होती.

असो. तर मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. कॉलेजच्या मोठ्या सभागृहात ओळीने तक्ते टांगले होते आणि प्रत्येक तक्त्याशेजारी एकेक मूल, परीक्षकाची वाट बघत, वधुपरीक्षेला बसल्यासारखं उभं होतं. शेतीच्या गटात कांदा सुकवण्याची पेटी होती. अभियांत्रिकीच्या पोरांनी गटार साफ करणारं यंत्र आणलं होतं. ते परीक्षक समोर असताना निश्चल राहायचं आणि परीक्षकांची पाठ फिरली की चालू व्हायचं. सरकारी नोकरीत हा गुण नेमका उलटा असतो. औषधनिर्माणवाल्या मुलीने माझ्या हाताला कसलंसं मलम लावलं आणि "जळजळतंय का?" असं इतक्या आशेने विचारलं, की नाही म्हणताना मला वाईट वाटलं. भाषेच्या गटातल्या एकीने पुण्यातल्या दुकानांवरच्या आणि वाड्यांवरच्या पाट्या जमवल्या होत्या. तिने मला विचारलं, "काका, तुमच्या माहितीत आहे का कुणी अशा पाट्या लिहिणारं?" मी सावधपणे पुढे सरकलो.

पंधरा-वीस तक्ते पाहून झाल्यावर माझ्या लक्षात एक गोष्ट आली. इथे सगळंच यशस्वी होतं. प्रत्येक तक्त्याच्या तळाशी निष्कर्ष, आणि प्रत्येक निष्कर्षात अपेक्षा पूर्ण झालेली. लग्नाच्या स्थळांच्या माहितीपत्रकांत जशी सगळी मुलं निर्व्यसनी आणि सगळ्या मुली गृहकृत्यदक्ष असतात, तसंच. मग जगातले फसलेले प्रयोग जातात कुठे? माझा तरी अनुभव असा, की दहा गोष्टी करायला घ्याव्यात, तेव्हा त्यातल्या दोन जेमतेम उभ्या राहतात. उरलेल्या आठ या सभागृहाच्या दाराबाहेरच चपलांबरोबर काढून ठेवल्या असाव्यात.

हे मोठ्या शहाणपणाने मनाशी म्हणत मी चिंगीच्या तक्त्यापाशी पोचलो आणि माझं शहाणपण तिथेच संपलं. कारण त्या दाराबाहेरच्या आठांत तिने आपला तक्ता सोडावा, असा सल्ला न देता, उलट तो खोटा करून आत न्यावा, असा सल्ला आठ दिवसांपूर्वी तिला मीच दिला होता.

त्याचं असं झालं. मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. निवडून आलो असं म्हणणं बरोबर नाही. ज्या सभेला उशिरा पोचलो, त्या सभेत झालो. सचिवाच्या अधिकारात फक्त एक वस्तू येते: फळा. ए, बी आणि सी अशा तिन्ही विंगच्या दाराशी एकेक काळा फळा आहे आणि गेली अकरा वर्षं त्यांवर मी खडूने सूचना लिहितो. त्यांतल्या निम्म्याअधिक पाण्याबद्दल असतात. "पाणी जपून वापरा." "पाणी पैशाने मिळत नाही." "टँकर पैशाने मिळतो, पण तो येत नाही." यातली एखादी जमून गेली, की मी रस्त्यापलीकडे उभा राहून ती कशी दिसते ते बघतो. माणसाला एखादी कला असावी.

चिंगीने संशोधनाला विषय घेतला तो हाच. सूचनाफलकामुळे पाण्याचा वापर कमी होतो का? एक महिना तिने मला तिन्ही फळे कोरे ठेवायला लावले. दुसऱ्या महिन्यात तिन्हींवर माझ्या निवडक सूचना. रोज सकाळी सातला ती तिन्ही टाक्यांच्या मीटरचे आकडे वहीत उतरवायची. आपल्याकडे शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, हे तिच्यामुळे मला कळलं. आणि आमच्या सोसायटीत काही माणसं स्वतःला दोन माणसं धरतात, हेही कळलं.

दोन महिन्यांनी हिशेब झाला. ए आणि बी विंगचा वापर थोडा उतरला होता. सी विंगचा चढला होता. तिन्हींची बेरीज जिथल्या तिथे. म्हणजे माझी अकरा वर्षांची साहित्यसेवा पाण्यात गेली होती. आणि तेही पाणी कमी न होता.

त्या रात्री पोर डायनिंग टेबलावर आकडे मांडून बसली होती. मी म्हणालो, "सी विंग वगळ की!"

"म्हणजे?"

"अगं, सी विंगमध्ये त्या महिन्यात लग्न होतं. पाहुण्यांनी घर भरलं होतं. ते आकडे काय खरे? दोनच विंग धर. छान निष्कर्ष येतो."

वाचकहो, मी ३६ वर्षं बँकेत काढली आहेत. तिथे आम्ही 'टॅली' या एकाच दैवताची पूजा करायचो. संध्याकाळी दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर बायकोमुलं वाट बघत बसायची. तरी सांगतो, बँकेत मी एका पैशाचा खोटा आकडा लिहिला नाही. आणि इथे, कुणी न मागता, स्वतःच्या नातीला मी आकडे गाळायला सांगत होतो! आणि सांगताना माझा आवाज अगदी देवाला नैवेद्य दाखवताना असतो तितका निर्मळ होता.

चिंगीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "आजोबा, मग ए विंगमधली दोन घरं गावाला गेली होती, तीपण वगळावी लागतील ना? तिथलं पाणी त्यामुळेच उतरलं असेल. जे आकडे आवडले नाहीत त्यांचीच कारणं शोधायची, हे बरोबर नाही."

मी वर्तमानपत्र उघडलं. ते उलटं होतं, हे सौ.ने सांगितलं.

तर आता तक्त्यापाशी परीक्षक उभे होते. भले गृहस्थ वाटले. त्यांनी चष्मा सारखा करून निष्कर्ष वाचला आणि विचारलं, "म्हणजे यातून निष्पन्न काय झालं?"

"फलकाने फरक पडल्याचं दिसलं नाही, हे निष्पन्न झालं, सर."

"म्हणजे प्रयोग फसला."

"नाही सर. प्रयोग झाला. फलक फसला."

फलकाचे लेखक मागेच उभे होते. परीक्षक हसले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि कांद्याच्या पेटीकडे निघून गेले. मलाही तिथे उभं राहवेना. मी समोरच्या विज्ञानाच्या रांगेत घुसलो आणि पहिला तक्ता दिसला तिथे थांबलो.

तिथे एक मुलगा दोरीला गोळा बांधून उभा होता. साधा लंबक! पन्नासाहून अधिक वर्षांनी शाळासोबती भेटावा तसं मला झालं. लंबकाची लांबी मोजायची, आंदोलनांचा वेळ घ्यायचा आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, म्हणजे 'जी', काढायचं. मुलाने झोक्यापाशी कसला तरी इलेक्ट्रॉनिक डोळा बसवला होता; तो सेकंदाचे हजार भाग करून सांगत होता. मी जुना जाणकार म्हणून म्हणालो, "काय, ९८१ येतंय ना?"

"नाही काका. पुण्यात कसं येईल? इथे ९७८ आणि वर थोडे दशांश. ९८१ लंडनचं."

"लंडनचं?"

"हो. 'जी' सगळीकडे सारखं नसतं. विषुववृत्तावर ९७८ आणि ध्रुवावर ९८३च्या जरा वर. पृथ्वी फिरते ना, आणि मध्यावर फुगीरही आहे. शिवाय आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर."

मी जवळची खुर्ची ओढून बसलो. पोराने घाबरून पाणी आणून दिलं. त्याला काय माहीत, की त्याने एका म्हाताऱ्या माणसाच्या सालाबरहुकूम जपलेल्या पापाचा पंचनामा केला होता!

साल १९६९. मी सायन्सच्या पहिल्या वर्षाला. प्रॅक्टिकलला लंबक. आमच्या वर्गात 'जी' काढण्याची एक सर्वमान्य पद्धत होती. आधी उत्तराच्या जागी ९८१ लिहायचं आणि मग लॉग टेबल घेऊन तिथून उलट चालत लंबकापर्यंत यायचं. वाटेत लागतील ते वेळ लिहायचे. ही पद्धत इतकी अचूक होती, की साठ पोरांचा 'जी' दशांशापर्यंत एक यायचा. मी मात्र त्या दिवशी, का कोण जाणे, सरळ मार्गाने गेलो. मीटरभर दोरा, वीस-वीस आंदोलनं, तीनदा वेळ. सरासरी काढली. ९७८.

मी शेजाऱ्याच्या वहीत पाहिलं. ९८१. पलीकडच्याच्या. ९८१. डेमॉन्स्ट्रेटर आमच्या टेबलाकडे येत होते. मी खोडरबर काढला. कागदाला भोक न पडता ९७८ पुसला आणि ९८१ लिहिला. वेळांचे आकडेही बदलले. जर्नलवर सही झाली, 'गुड' असा शेरा मिळाला. आयुष्यातला तो माझा विज्ञानातला एकमेव शेरा. तो खोडरबर जितका वेळ फिरला असेल, तितक्या वेळात मी एक धडा शिकलो: जग एका बाजूला आणि तुमचे डोळे दुसऱ्या बाजूला असतील, तर डोळे दुरुस्त करावेत.

आणि आता हा पोर सांगत होता, की ९७८च बरोबर! म्हणजे साठांत मी एकटाच पुण्यात होतो. बाकीचे लंबक लंडनला हलत होते! माझी छाती एकदम फुगली. मी त्याला ती सगळी हकीकत सांगितली. "म्हणजे माझंच खरं होतं बघ!"

मुलाने आदराने ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, तुमचं स्टॉपवॉच कसलं होतं?"

"काट्याचं. सेकंदाचे पाच भाग दाखवणारं."

त्याने कागदावर हिशेब केला. "मीटरभर लंबकाला वीस आंदोलनांत ९७८ आणि ९८१ यांच्यातला फरक सेकंदाच्या साधारण सोळाव्या भागाएवढा येतो. तुमच्या घड्याळात तो दिसणं कठीण. म्हणजे..." पोर सुसंस्कृत होतं, ते अडखळलं.

"म्हणजे माझं ९७८ नशिबाने आलं होतं."

"बहुतेक, काका. ९८५ पण आलं असतं."

पाच मिनिटांत मी पापी झालो, मग द्रष्टा झालो आणि शेवटी सोसायटीचा सचिव झालो.

परंतु त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला एक गोष्ट उमगली, आणि ती उमगायला माझं ९७८ नशिबाने आलेलं असणंच जरूर होतं. ते खरंच बरोबर असतं, तर मी घरी येऊन सौ.ला सांगितलं असतं, की मी सत्य पुसलं. केवढं मोठं, शोकांतिकेच्या नायकाला शोभणारं पाप! पण मी सत्य पुसलंच नव्हतं. सत्य काय ते मला ठाऊकच नव्हतं. मी पुसलं होतं ते फक्त मला दिसलेलं. ९८५ आलं असतं आणि ते पुसून ९८१ केलं असतं, तरी चूक तीच, तेवढीच. प्रामाणिकपणा म्हणजे बरोबर असणं, असं मी जन्मभर समजत आलो. बरोबर असणं आपल्या हातात थोडंच असतं? ते घड्याळाच्या, दोऱ्याच्या, नशिबाच्या हातात. आपल्या हातात खोडरबर तेवढा असतो.

त्याच मुलाने मला एक गोष्ट सांगितली. १६७२ साली ज्याँ रिशे नावाचा एक फ्रेंच निरीक्षक ग्रहतारे पाहायला विषुववृत्ताजवळ कायेनला गेला. पॅरिसला नीट चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. आपण काय केलं असतं? घड्याळजीला शिव्या दिल्या असत्या. रिशेने लंबक किती आखूड करावा लागला ते मोजलं आणि जसंच्या तसं लिहून ठेवलं. का, ते त्याला सिद्ध करून सांगता आलं नाही. १६८७ साली न्यूटनने आपल्या ग्रंथात त्या नोंदीचा आधार घेतला आणि पृथ्वी मध्यावर फुगीर असल्याचं मांडलं. अख्ख्या पृथ्वीचा आकार एका मागे पडणाऱ्या घड्याळात बसला होता. ते गुपचूप दुरुस्त झालं असतं, म्हणजे?

आणि खोडरबर फक्त आमच्यासारख्यांच्याच खिशात असतो असंही नाही. घरी आल्यावर चिंगीने सांगितलं. मिलिकन या अमेरिकन शास्त्रज्ञाने तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युत्भार मोजला. हवेच्या चिकटपणाचा आकडा जरा चुकीचा धरल्यामुळे उत्तर जरासं कमी आलं. त्यांना १९२३ साली नोबेल मिळालं, नाव मोठं झालं. पुढे मोजणाऱ्यांचे आकडे मात्र खऱ्या उत्तरावर एकदम गेले नाहीत. जरा वर, मग आणखी जरा वर, असे दबकत सरकत गेले. १९७४ साली रिचर्ड फाइनमन यांनी विद्यार्थ्यांपुढच्या एका भाषणात याचं कारण सांगितलं: मिलिकनपेक्षा फार वेगळा आकडा आला, की माणसं त्यात चूक शोधायची, जवळपासचा आला, की शोधायची नाहीत. सी विंगमधलं लग्न आठवतं आणि ए विंगमधले गावाला गेलेले आठवत नाहीत, तोच प्रकार! यात लबाडी कुणाचीच नसते. मोठ्या माणसासमोर आपला आकडा वेगळा काढायची लाज वाटते, इतकंच. आणि गंमत अशी, की ही लाज नेमकी सज्जन माणसांना जास्त वाटते.

संध्याकाळी बक्षिसं जाहीर झाली. चिंगीच्या गटात पाट्यांच्या संशोधनाला पहिलं मिळालं. चिंगीला प्रमाणपत्र आणि बटाटेवडा मिळाला. रिक्षात मी तिला म्हटलं, "सी विंग वगळली असतीस तर..." आणि जीभ चावली. माणसाची खोड जाता जात नाही.

ती हसली. "आजोबा, माझा निष्कर्ष चुकीचाही असेल हं. एकच सोसायटी, दोनच महिने. ते पण लिहिलंय मी खाली."

"ते कशाला लिहिलंस? आपणहून?"

"तसंच आहे म्हणून."

तेव्हा मी तिला १९६९ सालची हकीकत सांगितली. सगळी, खोडरबरासकट. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सौ.ला सांगितली नव्हती ती. चिंगी काही बोलली नाही. तिने आपल्या वड्यातला अर्धा मला दिला. डेमॉन्स्ट्रेटरांच्या 'गुड'पेक्षा मला तो मोठा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडू घेऊन फळ्यापाशी गेलो. "पाणी हे..." इथपर्यंत हात सवयीने गेला. मग पुसलं. यावेळी पुसताना काही वाटलं नाही. आणि लिहिलं: "गेले दोन महिने मीटर पाहिले असता, या फळ्यावरील सूचनांमुळे पाण्याच्या वापरात फरक पडल्याचे दिसून आले नाही. – सचिव."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच लोक फळ्यापुढे थांबून वाचताना दिसले. सी विंगमधल्या लग्नघरचे यजमान तर दोनदा वाचून गेले. सौ. म्हणाली, "बघा, आता नक्की पाणी कमी होईल!"

होईलही. चिंगीने वही माझ्या हवाली केली आहे आणि रोज सकाळी सातला आता मी मीटर पाहतो. महिना पुरा व्हायचा आहे. जो आकडा येईल, तो लिहीन. खोडरबर चिंगीकडे ठेवायला दिला आहे.